बाहेरून दहावी देताय? रासायनिक अभिक्रिया आणि उत्क्रांती हे दोन धडे असे करा

मी वयाच्या ३४ व्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. माहेर परभणीकडचं, सासर तासगाव तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग, दोन मुलं आणि शाळा सुटून १८ वर्षं झालेली. मराठी-इतिहास जमलं, गणितही कसंबसं जमलं, पण विज्ञानाला पार घाबरले होते. गाइड आणलं, रात्री जागून उत्तरं पाठ केली आणि सरावाच्या पेपरला ४० पैकी ९ पडले, कारण प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठ केलेलं उत्तर बसतच नव्हतं. मग हळूहळू कळत गेलं की हे धडे कसे करायचे. आता आमच्या वस्तीवरच्या तिघी-चौघी दरवर्षी फॉर्म भरतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय. सगळं पुस्तक नाही, फक्त ज्या दोन धड्यांना लोक सगळ्यात जास्त अडतात ते दोनच.

पुस्तक राज्य बोर्डाचं आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि भाग २. भाग १ मधला तिसरा धडा रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, आणि भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. दोन वेगळे पेपर असतात, ४०-४० मार्कांचे, आणि २० मार्क प्रात्यक्षिकाचे.

पायरी १: आधी काय काय जमवायचं

फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट फोटो लागतो, तारखा दरवर्षी बदलतात म्हणून बोर्डाच्या वेबसाइटवरच बघा, कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर जाऊ नका. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत काढायला वेळ जातो, ते काम पहिलं करा. आणि संपर्क केंद्राची जी शाळा मिळेल तिथे पहिल्याच भेटीत विचारा की प्रात्यक्षिक कधी आणि जर्नल कधी द्यायचं. माझ्याबरोबरच्या एका ताईंनी हे विचारलंच नाही आणि शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस बसून जर्नल लिहिलं.

अभ्यासासाठी:
- दोन्ही पुस्तकं. विकत घ्या किंवा ई-बालभारतीवरून पीडीएफ फुकट उतरवा
- दोन वह्या, एक कच्ची एक पक्की
- पेन्सिल, खोडरबर, पट्टी
- खाण्याचा सोडा, दोन लिंबं, पानाचा चुना, थोडी साखर, जुना लोखंडी खिळा, पॉलिश पेपर, स्ट्रॉ
- चिमूटभर मोरचूद, शेती औषधांच्या दुकानात मिळतं. हे विष आहे. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि ज्या काचेच्या बाटलीत वापराल ती परत स्वयंपाकघरात आणू नका

गाइड लागतं, पण शेवटच्या महिन्यात. आधी गाइड उघडलं की डोकं पाठांतराकडेच जातं.

पायरी २: आधी बघा, नाव नंतर द्या

माझी खरी सुरुवात बागेत झाली. आमच्याकडे पावसाळ्यात डावणीसाठी, म्हणजे द्राक्षावर येणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, बोर्डो मारतात. १ टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि हे कधीही लोखंडी भांड्यात करत नाहीत, प्लास्टिकच्या ड्रममध्येच. तयार झालं की आमचे सासरे, त्यांना आम्ही मामाच म्हणतो, विळा त्यात बुडवून थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणतात चुना कमी पडलाय, अजून घाला. हे मी लग्न झाल्यापासून बघत होते. आणि त्या वर्षी पुस्तकात वाचलं की कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंड टाकलं की लोखंड तांब्याला बाहेर काढतं आणि त्याची जागा घेतं, याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट! विळ्यावर चढतं ते तांबं! मी पुस्तक घेऊन तशीच मामांकडे गेले, आणि लोखंडी भांडं का चालत नाही हेही त्याच क्षणी कळलं.

तेव्हापासून माझी पद्धत हीच आहे. धड्यातली प्रत्येक व्याख्या घरात, रानात, रस्त्यात कुठे दिसते ते आधी शोधायचं, कच्च्या वहीत आपल्या भाषेत लिहायचं आणि मग त्याला पुस्तकातलं नाव द्यायचं.

पायरी ३: चार प्रकार, चार ओळखीच्या गोष्टी

संयोग अभिक्रिया: दोन किंवा जास्त पदार्थ मिळून एकच पदार्थ. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात ना, तिथे गंधक अधिक हवेतला ऑक्सिजन मिळून सल्फर डायऑक्साइड होतो, तोच तो नाकात-घशात झोंबणारा वायू.

अपघटन अभिक्रिया: एकाचे दोन किंवा जास्त. पळीत साखर तापवा, आधी वितळते, मग तांबूस होते, शेवटी काळा कोळसा राहतो आणि पाणी वाफ होऊन जातं. नुसतं वितळणं हा भौतिक बदल, कोळसा होणं हा रासायनिक. परीक्षेत हा फरक विचारतात.

विस्थापन: विळा आणि बोर्डो, वर सांगितलंच. घरी करायचं असेल तर काचेच्या बाटलीत मोरचुदाचं निळं पाणी करून त्यात पॉलिश पेपरने घासलेला खिळा दोऱ्याला बांधून सोडा, अर्ध्या-पाऊण तासात रंग दिसतो. उलटं केलं, म्हणजे फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार टाकली, तर काहीच होत नाही, कारण लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे. "असं का" हा प्रश्न हमखास येऊ शकतो.

दुहेरी विस्थापन: दोघे आपापले जोडीदार बदलतात. आणि बघा, बोर्डो तयार होणं हेच मुळी दुहेरी विस्थापन आहे, ढोबळमानाने कॉपर सल्फेट अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळून कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट होतं. तो जो आभाळी रंगाचा गाळासारखा भाग दिसतो त्याला पुस्तकात अवक्षेप म्हणतात. चुना पुरेसा पडला की मोरचुदातलं मोकळं तांबं सगळं अवक्षेपात अडकतं, मग विळ्यावर चढायला शिल्लकच राहत नाही, म्हणून मामांची ती परीक्षा बरोबर येते. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या डावणीसाठीच मांडलं, म्हणून नाव बोर्डो.

आता चुन्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण एक चुना नीट समजला तर अर्धा धडा होतो. चुनखडीचा दगड भट्टीत तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते, हे अपघटन, आणि उष्णता द्यावी लागते म्हणून उष्माग्राही. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी उकळायला लागतं, वाफा येतात, जुन्या घरांना दिवाळीआधी चुना लावायचे तेव्हा ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल. हा संयोग, आणि उष्णता बाहेर येते म्हणून उष्मादायी. तयार झालेला चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि दोन-तीन दिवसांत परत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडी, म्हणूनच भिंत कडक आणि चकचकीत होते. दगडापासून निघून परत दगडापाशीच. चुनकळी भिजवण्याचा प्रयोग घरी करू नका, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

त्याऐवजी हे करा. पानाचा चुना बाटलीभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी ओता, त्यात स्ट्रॉने हळू फुंका. निवळी दुधाळ होते, तोच कॅल्शियम कार्बोनेट. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. आणि फारच वेळ फुंकत राहिलं तर दुधाळपणा परत कमी व्हायला लागतो, कारण पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट तयार होतं, तेव्हा प्रयोग बिघडला असं समजू नका.

लिंबू आणि सोड्याचं तर सगळ्यांना माहितीच आहे, पण करताना ग्लासाला बाहेरून हात लावा, गार लागतो. ही पण उष्माग्राही. मी हे हाताने अनुभवलं आणि उष्मादायी-उष्माग्राही मध्ये कधी गोंधळले नाही.

पायरी ४: समीकरण संतुलित करणे, इथे घाई नको

मोबाइलवर ते खालचे छोटे आकडे नीट टाइप होत नाहीत म्हणून शब्दांत सांगते, वहीत तुम्ही पुस्तकातल्यासारखी इंग्रजी अक्षरांची रेणुसूत्रं लिहा.

घरचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन घेऊ. प्रोपेनच्या एका रेणूत ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन. जळताना ऑक्सिजन घेतो, ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू. तयार होतो कार्बन डायऑक्साइड, त्यात १ कार्बन २ ऑक्सिजन, आणि पाणी, त्यात २ हायड्रोजन १ ऑक्सिजन.

आधी कार्बन बघा. डावीकडे ३, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग हायड्रोजन. डावीकडे ८, म्हणून पाण्याचे ४ रेणू. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडमध्ये ६ आणि पाण्यात ४, एकूण १०. म्हणजे डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू. झालं. १ प्रोपेन अधिक ५ ऑक्सिजन, बाणापुढे ३ कार्बन डायऑक्साइड अधिक ४ पाणी.

सगळ्यात मोठी चूक जी मी पण केली आणि मला विचारायला येणारी प्रत्येक जण करते, ती म्हणजे आकडा जुळत नाही म्हणून रेणूच्या आतला छोटा आकडा बदलणे. तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन वाढवला तर ते पाणी राहत नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायला वापरतात ते. बदलायचं ते फक्त पुढचा मोठा आकडा, म्हणजे किती रेणू घेतले ते.

रोज दोन समीकरणं, महिनाभर. एका दिवसात तीस करून उपयोग नाही. आणि वायू बाहेर पडत असेल तर वर जाणारा बाण, अवक्षेप असेल तर खाली जाणारा, हे विसरू नका.

ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी जोडणं), क्षरण (धातू गंजणं, झिजणं), खवटपणा हे धड्याच्या शेवटी आहे आणि सोपं आहे. गंजलेला पत्रा, हिरवट पडलेली तांब्याची घागर आणि ती चिंचेने का लख्ख होते, उघडं राहिलेलं फरसाण, एवढं बघितलं तरी पुरे. वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात तो ऑक्सिजनला लांब ठेवायलाच.

एक धोका मात्र लक्षात ठेवा, प्रयोगाच्या उत्साहात बाथरूमचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, क्लोरिन वायू निघतो आणि तो फुप्फुसं जाळतो.

पायरी ५: उत्क्रांतीला हात घालण्याआधी एक शब्द बाजूला काढा

तो शब्द म्हणजे "सरावला". आपल्याकडे सगळे शेतकरी म्हणतात, रोग औषधाला सरावला, आता लागू पडत नाही. मी पण तेच म्हणायचे. आणि ह्या एका शब्दामुळे डार्विन मला दोन महिने कळला नाही.

सरावला म्हणजे काय, तर तीच बुरशी किंवा तीच अळी रोज औषध सोसून घट्ट झाली आणि मग तिची पिल्लं पण घट्ट निघाली. हा विचार डार्विनच्या आधीच्या लॅमार्क नावाच्या शास्त्रज्ञाचा. जिराफाने मान ताणली, मान लांब झाली, पिल्लाला लांब मान मिळाली. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. पैलवानाचं पोर जन्मतः पैलवान नसतं, त्याला तालमीत जावंच लागतं.

खरं काय होतं ते माझ्या माहेरच्या कापसावरून सांगते. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापूस आला, त्याच्या पानाबोंडात अळीला मारणारं प्रथिन असतं. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मग गुलाबी बोंडअळी परत दिसायला लागली आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी शेतात बोंडंच्या बोंडं पोखरून गेली. आता विचार करा, समजा एका शेतात हजार अळ्या आहेत आणि त्यातल्या दोघी-तिघींच्या जनुकांत आधीपासूनच असा काही बदल आहे की त्यांना ते प्रथिन बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या. पुढची पिढी ह्यांचीच, त्यात न मरणाऱ्या जास्त. त्याच्या पुढच्या पिढीत अजून जास्त. कुठलीच अळी आयुष्यात बदलली नाही, कुणी सरावलं नाही, फक्त कोण उरलं आणि कुणाची पिल्लं वाढली एवढंच. हीच नैसर्गिक निवड. डार्विनने १८५९ मध्ये हेच मांडलं.

आणि बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर जे १२० ग्रॅमचं साधं, बिनबीटीचं पाकीट यायचं ते कडेने लावायला सांगायचे, ते ह्याचसाठी. त्या साध्या झाडांवर बीटीच्या प्रथिनाने मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग उरलेल्यांबरोबर मिसळावेत म्हणजे न मरणाऱ्यांचंच राज्य होऊ नये. कितीतरी जणांनी, माझ्या वडिलांनी पण, ते पाकीट बांधावर टाकून दिलं, कारण कुणी कारणच नीट समजावून सांगितलं नव्हतं. हे मला अजूनही लागतं. नववीपर्यंत शिकलेल्या माणसालाही कळेल इतकी साधी गोष्ट आहे.

उत्परिवर्तन म्हणजे जनुकात अचानक झालेला बदल. तो नेहमी वाईटच असतो असं नाही. आमच्या भागातली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात थॉमसन सीडलेसच्याच वेलीवर वेगळी निघालेली फांदी हेरून, तिची कलमं करून वाढवलेली आहे, आणि ती आमच्याच तासगाव तालुक्यात निघाली. तिथे निवड निसर्गाने नाही, शेतकऱ्याने केली, एवढाच फरक. सिकलसेल हा रक्ताचा आजार हेही जनुकातल्या एका छोट्याशा बदलाचं उदाहरण, पुस्तकात आहे, ते नीट वाचा.

पायरी ६: पुरावे, तक्ता करून भिंतीला लावा

पुरावे बरेच आहेत म्हणून गोंधळ होतो. मी असे धरले:

शरीरशास्त्रीय पुरावे म्हणजे आतल्या हाडांची रचना. माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, कामं चार वेगळी पण आत हाडांची मांडणी सारखी. म्हणजे मूळ एक. इथे सापळा असा की लोक फुलपाखराचा पंख पण ह्याच यादीत घालतात. फुलपाखराच्या पंखात हाडच नाही, काम सारखं पण रचना वेगळी, तो यात येत नाही.

अवशेषांगे म्हणजे उरलेले, आता फारसे न लागणारे अवयव, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स), माकडहाड, अक्कलदाढा. हे पाठच असू द्या.

जोडणारे दुवे, म्हणजे दोन वेगळ्या गटांची लक्षणं एकत्र असलेले प्राणी: पेरीपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश. नुसती नावं लिहून मार्क मिळत नाहीत, कोण कुणाला जोडतो ते लिहा. प्लॅटिपस अंडी घालतो सरपटणाऱ्यांसारखी आणि पिल्लांना दूध पाजतो सस्तन प्राण्यांसारखं, असं.

जीवाश्म: मुलगा मला विचारायचा की आपल्या विहिरीत डायनोसॉर का नाही सापडत. आपला काळा दगड, बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तापलेल्या लाव्हात सहसा काही टिकत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरचे अवशेष मिळालेत, आणि गडचिरोलीत सिरोंच्याकडे दगड झालेली झाडं. कार्बन वयमापनाने डायनोसॉरचं वय काढतात असं उत्तरात लिहू नका, कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे तो मोजण्याइतका उरतच नाही.

भ्रूणाची चित्रं पुस्तकात आहेत, बघून ठेवा.

पायरी ७: लोक काय म्हणतात आणि तुम्ही काय लिहायचं

"माणूस माकडापासून झाला" असं घरी सगळे म्हणतात आणि मग कुणीतरी विचारतं, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. आपण आणि चुलत भाऊ एका आजोबांचे, म्हणून आपण चुलत भावापासून जन्मलो असं कुणी म्हणत नाही.

"जो ताकदवान तो टिकतो" हेही अर्धंच. जो त्या परिस्थितीत बसतो आणि ज्याची पिल्लं वाढतात तो टिकतो. वर सांगितलेली बोंडअळी कुणाला ताकदवान वाटेल का?

मानवी उत्क्रांतीत रामापिथेकस ह्या प्राचीन वानरापासून क्रो-मॅग्नन ह्या जुन्या मानवापर्यंतची साखळी पुस्तकात आहे तशीच लिहा. आता शास्त्रज्ञ शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला रामापिथेकस हा ओरांगउटानच्या बाजूचा मानतात, हे माहीत असू द्या, पण पेपरात पुस्तकाप्रमाणेच.

आणि कुणाचं सीबीएसईचं पुस्तक उसनं आणून अभ्यास करत असाल तर थांबा. सीबीएसईला एनसीईआरटीचं पुस्तक असतं, त्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ पासून काढलाय, आपल्या बोर्डाच्या ह्या पुस्तकात तो आहे. आमच्याकडे एकीने भाच्याच्या पुस्तकातून वाचलं आणि पेपरच्या आठ दिवस आधी तिला कळलं की धडा निम्मा राहिलाय.

पायरी ८: लिहून बघा, मोठ्याने सांगून बघा

दोन्ही धडे झाले की पुस्तक मिटून एकेक मुद्दा घरात कुणाला तरी सांगा. मी सासूबाईंना भाकरी थापता थापता नैसर्गिक निवड सांगायचे. त्या मधेच विचारायच्या, मग त्या दोघी अळ्या आधीच कशा वेगळ्या होत्या गं? आणि मला उत्तर आलं नाही की मी समजायचे, उत्परिवर्तनाचं पान परत वाचायचंय. "शास्त्रीय कारणे लिहा" ह्या प्रश्नाची तयारी माझी अशीच झाली.

मग मागचे पेपर घ्या, घड्याळ लावून. भाग १ चा पेपर एका दिवशी, भाग २ चा दुसऱ्या दिवशी. आकृत्या पेन्सिलीने, नावं उजव्या बाजूला. तपासायला कुणी नसेल तर पुस्तक उघडून स्वतःच लाल पेनाने तपासा, आणि जिथे चुकलं ते पान कच्च्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा, आठ दिवसांनी फक्त तीच पानं परत करायची.

माझी ती कच्ची वही सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे, त्या यंदा फॉर्म भरतायत.